फुलपात्राखालचं नाव

सरांचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं असतं तर त्यांनी सगळ्यात आधी तेच कापून काढलं असतं आणि उरलेला कागद माझ्या हातात देऊन म्हणाले असते, "आता वाचा. बरं उतरलंय का बघा." या लेखात एकाच माणसाचं नाव येईल, तेही शेवटी, वडिलांच्या नावासकट. का, ते तोवर कळेल.

मी नोकरीला लागलो ते गाव परभणीकडचं, झरीच्या पुढं, जिंतूर रस्त्यापासून जरा आत. शाळा पत्र्याची, मार्चपासूनच तापायला लागायची. मी मराठी शिकवायचो आणि सर गणित. पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं. सरांनी माझं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. आमच्याकडं नव्या माणसाला या गोष्टी पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आधी विचारून होतात. सर म्हणाले, "सध्या काय वाचायलाव?"

मी काहीच वाचत नव्हतो. बी.एड. नुकतंच संपलं होतं आणि पुस्तक दिसलं तरी नको वाटायचं. तसं खरं खरं सांगून टाकलं. सरांचा चेहरा इतका उतरला, जणू मी घरात दोन दिवस चूल पेटली नाही असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक जाडजूड कादंबरी काढून दिली. तिच्या मुखपृष्ठाला मधोमध एक चौकोनी भोक होतं. आतल्या पानालाही त्याच उंचीवर भोक. पुस्तकाच्या पाठीवरचा कागदसुद्धा खरवडलेला. मला वाटलं उंदरानं खाल्लं. पण उंदीर इतक्या सरळ रेषेत खात नाही.

मग कळलं की सर लेखकाचं नाव कापतात. तपकिरीच्या डबीत त्यांनी दाढीचं अर्धं ब्लेड ठेवलेलं असायचं. तपकीर ते ओढत नव्हते, डबी खास त्यासाठीच होती. पुस्तक विकत घेतलं की घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी नाव कापायचं. शाळेच्या वाचनालयाच्या पुस्तकांना ब्लेड लावता येत नव्हतं, म्हणून त्यांवर डिंकानं कागदाची पट्टी चिकटवायची. "मजमून बघा," हे त्यांचं पालुपद. मजमून म्हणजे आत काय लिहिलंय ते. सरांचं शिक्षण निजामाच्या काळात परभणीला उर्दूत झालेलं, त्यामुळं असे शब्द त्यांच्या बोलण्यात सहज यायचे. "गणित बरोबर आलं तर ते कुणी सोडवलं म्हणून विचारतो का आपण? मग गोष्टीलाच कशाला विचारायचं?"

एका सहामाहीला त्यांनी उत्तरपत्रिकांवरची नावंही कापली, म्हणजे तपासताना मन कुणाकडं झुकायला नको. तपासून झाल्यावर ज्यानं त्यानं आपलं अक्षर ओळखून पेपर घ्यायचा. पहिल्या आलेल्या पेपरवर तिघांनी हक्क सांगितला आणि नापास झालेले पेपर टेबलावर बेवारस पडून राहिले. मुख्याध्यापकांनी त्यांना ऑफिसात बोलावून बरंच सुनावलं. बाहेर आल्यावर सर मला म्हणाले की रागावले, पण सध्या ते एक चांगलं चरित्र वाचायलेत, मजा आली ऐकून.

सध्या काय वाचायलाव, हा प्रश्न ते कुणालाही विचारायचे. न्हाव्याला, पोस्टमनला, पोराच्या मार्कांसाठी शाळेत बोलावलेल्या बापाला. वालूरकडचे एक शेतकरी पोराची तक्रार ऐकायला आले होते. सरांनी विचारलं, काय वाचायलाव. त्या माणसाला वाटलं काहीतरी आळ घ्यायलेत. त्यानं गळ्याला चिमटा घेऊन शपथ घातली की म्या आजवर काय बी वाचलेलं न्हाई.

परभणीच्या गाडीवर एक कंडक्टर होता. त्याला सर दर खेपेला विचारायचे. तो आधी म्हणायचा, तिकिटं वाचायलोय. सर ते चेष्टेवारी न्यायचे नाहीत. तिकिटाच्या मागं काय छापलंय, आवडलं का, असं विचारायचे. शेवटी त्या माणसानं लाजून वाचायला सुरुवात केली. सरांनी दिलेली भोकाची पुस्तकं तो पैशाच्या कातडी पिशवीत ठेवायचा आणि गाडी स्टँडात लागली की पायरीवर बसून वाचायचा. सरांच्या आयुष्यात जे काही सुफळ झालं, त्यात हा कंडक्टर मी फार वर मांडतो. मोजायला बसलं तर दुसरं फारसं नाहीच.

तुमचा आवडता लेखक कोण, असं मी त्यांना एकदा विचारलं. वाटलं होतं टाळतील. ते आत गेले आणि एक फाटकं उर्दू पुस्तक घेऊन आले. ते शाळेत असताना त्यांच्या एका मौलवी मास्तरांनी बक्षीस म्हणून दिलेलं. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. त्या दिवसांत उर्दू अक्षर घरात सापडलं तर काय होईल या भीतीनं सरांच्या वडिलांनी पुस्तकं परसात नेऊन जाळली. या एका पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि पहिली पानं सरांनी स्वतः फाडून आगीत टाकली, म्हणजे वडिलांना पुस्तक जळालं असं वाटावं, आणि उरलेलं गव्हाच्या कणगीत लपवलं. मौलवी मास्तर त्याच दिवसांत कुठंतरी निघून गेले, ते परत दिसले नाहीत. लेखकाचं नाव काय होतं ते सरांना काही केल्या आठवेना. "माझा आवडता लेखक हा," ते म्हणाले. "नाव ठाऊक न्हाई. काय अडलं माझं?"

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दारातून म्हणाल्या की ह्यांना एकदा चूक करून फायदा झाला, तेव्हापासून तीच चूक करत बसलेत. सर हसले. मीही हसलो.

दर गुरुवारी संध्याकाळी सरांच्या ओसरीवर बैठक भरायची. मुख्याध्यापक, पोस्टमास्तर, खतं-बियाणांचे दुकानदार, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, शाळेतले आम्ही दोघं-तिघं. ज्यानं त्यानं आठवडाभरात काय वाचलं ते सांगायचं, पण लेखकाचं नाव तोंडातून काढायचं नाही. मग सर एखाद्या नव्या पुस्तकातली, मासिकातली पानं वाचून दाखवायचे. लेखकाच्या नावाची कापलेली पट्टी पाटावर पालथ्या घातलेल्या पितळी फुलपात्राखाली असायची. प्रत्येकानं मत दिल्याशिवाय फुलपात्र उचलायचं नाही. उचललं की पट्टी हातोहात फिरायची आणि कुणाची तरी फजिती व्हायची. मुख्याध्यापकांनी एकदा एका लेखाला चांगलं अर्धा तास झोडपलं, हे असलं छापतात तरी कसे म्हणाले. पट्टी निघाली ती त्यांच्याच सगळ्यात लाडक्या लेखकाची. त्या लेखकाचा फोटो त्यांच्या टेबलावर काचेखाली होता. त्या दिवशी सर इतके हसले की काकूंनी बाहेर येऊन पाणी दिलं.

मला ती बैठक आवडायची. आमच्या गावात माणसाला जोखायला आडनाव पुरायचं, आणि इथं तासभर का होईना, आडनावाला फुलपात्राखाली बसावं लागायचं. सरांना यातून काही मोठं होईल अशी आशा होती. मला नव्हती, पण आशा असलेल्या माणसाजवळ बसायला बरं वाटतं.

मग शाळेत शास्त्र शिकवायला एक तरुण शिक्षक आले. वालूरच्या पलीकडच्या एका वाडीतले, औरंगाबादला वसतिगृहात राहून शिकलेले. वाडीच्या कुठल्या टोकाला त्यांचं घर, हे स्टाफरूमला पहिल्या दिवशीच कळलं होतं. सरांनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकत मधल्या सुट्टीनंतरचा तास बुडवला. इतकं वाचलेला माणूस आमच्या शाळेत कधी आलाच नव्हता. सर त्यांना गुरुवारी घेऊन आले. ते दाराजवळ बसले, ती जागा त्यांनी स्वतःच निवडली. काकूंनी सगळ्यांना सारख्याच कपांतून चहा दिला. दुकानदारांना त्या दिवसापासून ॲसिडिटी झाली आणि ते चहा घेईनासे झाले.

पहिल्याच बैठकीत शास्त्राच्या सरांनी विचारलं होतं, नाव कापून काय मिळतं सर? सरांनी मोठ्या उत्साहानं सगळं समजावलं. शास्त्राचे सर ते ऐकून नुसतं हसले. त्या हसण्याचा अर्थ आम्हांला नंतर कळला, म्हणजे फार उशिरा. रोज शाळा सुटली की सर आणि ते फाट्यापर्यंत चालत जायचे. सरांची मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, बोलायला घरात फक्त काकू. या पोरात त्यांचा जीव अडकला हे सगळ्यांना दिसत होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. परभणी-नांदेडकडं वाड्यावस्त्यांवर खरोखरीची घरं जळाली. शाळा बंद होती. उघडली तेव्हा शास्त्राचे सर काही दिवस आलेच नाहीत. आले ते कुणाशी बोलेनात. त्यांच्या वाडीतली घरं जाळली होती, वडील उभ्या ज्वारीत लपून वाचले होते. स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, घरचं काय म्हणतंय. ते म्हणाले, छपराला पत्रे मिळालेत. बस, एवढंच. संध्याकाळी सर नेहमीसारखे त्यांच्याबरोबर फाट्यापर्यंत गेले. त्या दिवसांत त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालणारा गावात दुसरा कुणी नव्हता, हे सरांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी शास्त्राचे सर एक दिवाळी अंक घेऊन आले. परभणीतली चार हौशी मंडळी काढायची तो. त्यात त्यांची कथा छापून आली होती. पहिलीच. त्यांनी पान उघडून सरांपुढं धरलं. नाव जाड ठशात होतं, वडिलांच्या नावासकट पूर्ण. संपादकांनी पोस्टानं एकच प्रत पाठवली होती. सरांच्या हाताला खडू होता, तो त्यांनी तसाच त्या पोराच्या पाठीला पुसत त्याला जवळ घेतलं. रविवारी वाडीला जाऊन वडिलांना दाखवणार आहे, असं तो म्हणाला. सर म्हणाले, रविवारला अवकाश आहे, गुरुवारपर्यंत माझ्याकडं द्या. त्यानं दिला.

सरांनी काय केलं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. मला मात्र गुरुवारी ओसरीवर जाईपर्यंत आलं नव्हतं. सर बुधवारीच मला म्हणाले होते, "आता खरी परीक्षा हाय बघा. नावासाठी माणसं जाळायलेत लोक. उद्या ह्यांनी नाव न बघता वाचावं, रडावं, आन् मग कळावं कुणाचं हाय. मला ह्यांची तोंडं बघायचीत." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. इतक्या चांगल्या मनानं इतकं वाईट काम केलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

शास्त्राचे सर आले, दाराजवळ बसले. पाटावर फुलपात्र पालथं होतं. सरांनी अंक उघडला आणि पानाच्या वरच्या भागातल्या भोकातून त्यांच्या सदऱ्याचं बटण दिसलं. मी त्या तरुणाकडं पाहिलं. तो ते भोकच बघत होता. त्यानं काही म्हणायच्या आत सर वाचायला लागले होते.

कथा एका म्हाताऱ्याची होती. गावात कुणी वारलं की पाहुण्यांच्या गावोगाव चालत जाऊन त्याचा सांगावा पोचवायचा, हे त्याचं पिढीजात काम. वर्षानुवर्षं तेच केल्यामुळं तो नुसता वेशीत दिसला तरी बाया रडायला लागतात. अशा म्हाताऱ्याच्या नातीचं लग्न ठरतं. ते बोलावणं घेऊन तो आनंदानं पाहुण्यांच्या गावी जातो. त्याला बघताच घरात रडारड सुरू होते, आणि काही केल्या त्याला सांगता येत नाही की कुणी मेलेलं नाही. कथा एवढीच. सर चांगले वाचायचे. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. दुकानदार म्हणाले की हा लेखक आपल्याच भागातला, पण मोठ्या गावी जाऊन राहिलेला असावा. मुख्याध्यापक म्हणाले, मुरलेला हात आहे. पोस्टमास्तर मान हलवत राहिले. सरांचा चेहरा दिव्यासारखा उजळला होता. त्यांनी फुलपात्र उचललं आणि पट्टी फिरायला लागली.

एकेका हातात ती गेली तसतसं एकेक तोंड बदललं. सरांना बघायची होती ती तोंडं त्यांना बघायला मिळाली. पोस्टमास्तर "अस्सं" म्हणाले. मुख्याध्यापक म्हणाले की तसं पाहिलं तर भाषा जरा भडकच आहे. दुकानदार म्हणाले, ह्या दिवसांत असलं लिहायला नको होतं. मघाशी चष्मा पुसणारे डॉक्टर घड्याळ बघायला लागले. फुलपात्र उचलून दोन मिनिटंही झाली नव्हती.

तेव्हा दाराजवळून आवाज आला, "सर, ती पट्टी द्या माझ्याकडं."

पट्टी नव्हती. सगळ्यांच्या हातून ती फिरली होती आणि दारापर्यंत पोचली नव्हती. माझ्या हातातून पुढं गेली हे मला पक्कं आठवतं. बाकीचेही सगळे तेच म्हणाले. सर आधी हसत हसत विचारत होते. मग उठून त्यांनी सतरंजी झटकली, पाट उचलला. काकू कंदील घेऊन आल्या आणि सगळ्यांना उठवून कोपरे बघितले. बोटाएवढी कागदाची पट्टी. कुणी चुरगळली, खिशात घातली, की नुसती हातातून पडून वाऱ्यानं गेली, ते आजवर कळलेलं नाही आणि कळणारही नाही. शोधायला वाकली होती तीही तीच माणसं, आणि एकमेकांकडं बघायचं टाळत होती.

शास्त्राचे सर उठले. सरांनी अंक पुढं केला, पण त्यांनी तो घेतला नाही. "ऱ्हाऊ द्या सर. मजमून तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

सर अनवाणी अंगणात धावले. मी त्यांच्या मागं होतो. ते काय काय बोलले ते आता सांगण्यात अर्थ नाही, सगळं खरं होतं आणि काहीच उपयोगाचं नव्हतं. तो तरुण फाटकापाशी थांबला. आवाज चढवला नाही. "तुमच्या घरात नाव कापायला लय पुस्तकं हायेत सर," तो म्हणाला. "आमच्या घरात छापून आलेलं हे पहिलंच नाव होतं."

पुढच्या गुरुवारी ओसरीवर मी एकटा गेलो. काकूंनी सवयीनं सगळ्यांचा चहा टाकला होता. त्यानंतर बैठक भरली नाही.

शास्त्राचे सर जूनच्या आत नोकरी सोडून ठाण्याकडं गेले. तोवर ते सरांना रोज नमस्कार करायचे, तब्येत विचारायचे. पुस्तकांबद्दल एक शब्द नाही. सरांनी दुसरी प्रत मिळवायला जंग जंग पछाडलं. परभणीला गेले तर अंक काढणाऱ्या मंडळींचं आपसांत फाटलं होतं, उरलेले गठ्ठे रद्दीत गेले होते. सर रद्दीच्या दुकानांत मांडी घालून बसायचे. भेळवाल्याच्या कागदांची चळतसुद्धा त्यांनी उलटीपालटी केली. ज्यांच्याकडं तो अंक असेल असं कुणी सांगितलं, त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन आले. कुणीच ठेवला नव्हता. कोण ठेवतो.

त्या उन्हाळ्यात ते मला म्हणाले, चला माझ्याबरोबर, वाडीला जाऊन येऊ. अंक तरी घरी पोचवू. एस.टी.नं वालूर, तिथून पायी. वाडीच्या टोकाला नवे पत्रे उन्हात चमकत होते आणि खालच्या भिंती अजून काळ्या होत्या. शास्त्राच्या सरांचे वडील बाजेवर बसले होते. पोराचे सर आलेत म्हटल्यावर त्यांनी बाज आम्हांला दिली आणि स्वतः खाली बसले. सरही मग खालीच बसले. शाळेच्या गप्पा झाल्या. मग म्हातारा म्हणाला, पोराचं काहीतरी छापून आलंय म्हणं, ते वाचून दाखवा.

वाचलं मी. सरांना जमलं नसतं. आम्ही ओसरीवर जिथं गंभीर झालो होतो तिथं म्हातारा हसत होता. सांगावा नेणारा तोच होता. मांडीवर थाप मारून शेजाऱ्यांना सांगत होता, ह्ये माझंच हाय, लगीन माझ्या पुतणीचं व्हतं, ह्यानं नात केली. बाया रडायला लागल्या ती जागा आली तेव्हा मात्र त्याचं हसणं थांबलं. संपल्यावर म्हणाला, "आता नाव वाचा की. माझं बी नाव हाय म्हणला व्हता त्यात."

सरांनी नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

"तसं न्हाई," म्हातारा म्हणाला. "तोंडानं तर आमी बी म्हणताव. छापल्यालं वाचा. कुठं हाय त्ये बोट ठिवून दाखवा."

सरांनी अंक त्याच्या हातात दिला आणि सांगितलं की मी कापलं. म्हाताऱ्याला कळेना. का कापलं म्हणाला. लोकांनी आधी गोष्ट वाचावी म्हणून, सर म्हणाले. "मंग वाचली का?" वाचली. "मंग लावायचं की परत."

"हरवलं," सर म्हणाले.

म्हाताऱ्यानं अंक मांडीवर घेतला. त्यानं पान उचलून बघितलं. भोकातून बोट घातलं आणि पलीकडून निघालेलं आपलंच बोट बघत राहिला. मग अंक मिटून सरांना परत दिला. चहा घेऊन जा म्हणाला. तो चहा आम्ही प्यायलो.

परतीच्या गाडीवर नेमका तो आमचा कंडक्टर होता. सर खिडकीशी बसले, तिकीट घेतलं आणि बाहेर बघत राहिले. त्यानं सगळी गाडी फिरून तिकिटं फाडली आणि परत येऊन आमच्या बाकाला टेकून उभा राहिला. "सर, आज इचारलं न्हाई, म्या काय वाचायलोय ते." मग स्वतःच सांगायला लागला. परभणीच्या स्टँडावर विकत घेतलेलं पुस्तक होतं, आयुष्यातलं पहिलंच विकतचं. गोष्ट त्यानं इतकी रंगवून सांगितली की पुढच्या बाकावरची माणसं वळून ऐकायला लागली. सर ऐकत होते. मी त्यांना पहिल्यांदाच विचारताना ऐकलं, "लिहिलंय कुणी?"

कंडक्टर खुशीत हसला. "नाव व्हय? म्या बघितलंच न्हाई सर. आणल्या आणल्या पट्टी लावून टाकली. तुमीच तर शिकिवलं."

सरांनी डोळे मिटून घेतले. झरी येईपर्यंत ते तसेच बसून होते.

त्यानंतर त्यांनी तो प्रश्न कुणालाही विचारला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या पुस्तकांवर नावं परत लिहायला काढली. भोकाच्या मागं कागद चिकटवायचा आणि सुवाच्य अक्षरात नाव लिहायचं. पण इतक्या वर्षांत निम्म्याशिम्म्या पुस्तकांचे लेखक ते विसरून गेले होते. मी गेलो की एकेक पुस्तक पुढं करून विचारायचे, हे कुणाचं हो? काही मला सांगता यायची, पुष्कळशी नाही. सांगता आलं नाही की पुस्तक पोटाशी धरून बसायचे. दिवाळी अंकाच्या भोकामागं मात्र त्यांनी कधी काही लिहिलं नाही. माझ्या अक्षरात लिहून काय फायदा, म्हणायचे, ते छापलेलं पाहिजे.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. परभणीत काही आळ्यांत गुलाल होता, काही आळ्यांत दारं बंद होती. दोन दिवसांनी मी सरांना भेटायला गेलो. त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, अंथरुणाला खिळले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, सर, सध्या काय वाचायलाव? बोलून गेलो आणि जीभ चावली. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. काकूंनी मला खुणेनं बाहेर बोलावलं आणि म्हणाल्या की रोज विचारतात, ती पट्टी सापडली का म्हणून. त्याच उन्हाळ्यात ते गेले. काकूंनी दिवाळी अंक माझ्याकडं दिला.

पुढं एकदा परभणीच्या स्टँडवर शास्त्राचे सर भेटले. केस पिकलेले. वडील वारले म्हणाले, बरीच वर्षं झाली. मी लिहिण्याचं विचारलं. त्यानंतर काही लिहिलं नाही असं ते सहज म्हणाले, जसं कुणी पान खायचं सोडलं म्हणून सांगावं. अंक माझ्याकडं आहे, पाठवून देऊ का, असं मी विचारलं. "नको," ते म्हणाले. "त्यात माझं काय हाय?" त्यांची गाडी लागली होती, ते गेले.

अंक माझ्या कपाटात आहे. कागद पिवळा पडला, भोकाच्या कडा झिजल्या. हा लेख कुठंतरी छापून येईल, तेव्हा एका जागी तरी ते नाव ठशात असेल. बोट ठेवून दाखवायचं ज्याला, तो म्हातारा नाही. ज्यांना ते छापलेलं हवं होतं ते सर नाहीत. ज्याचं आहे त्याला ते नको आहे. तरी लिहितो. मयताचा सांगावा नेणाऱ्या माणसाची ती कथा भुजंग सटवाजी खिल्लारे यांनी लिहिली होती.